सत्तावीस नंबरची वायर

माझ्या मुलीकडून एखाद्या गोष्टीला हो म्हणवून घ्यायचं असेल, तर तिला फोन करायची वेळ ठरलेली होती. संध्याकाळी सहा वीस. त्या वेळी ती कारखान्याच्या बसमध्ये असायची. तीच गोष्ट सकाळी विचारली तर सांची अर्धा तास वाद घालायची, मागच्या वर्षीचं उकरून काढायची, शेवटी चहा तसाच ठेवून निघून जायची. सहा वीसला विचारलं की म्हणायची, "बरं आई. तू म्हणते तसं."

हा शोध काही माझ्या एकटीचा नव्हता. बाळापूर रोडवरच्या बॅटरीच्या कारखान्यात आमच्या कॉलनीतली तीस-चाळीस पोरं-पोरी जायची आणि त्यांच्या घरच्या सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं. सोनोनेबाईंनी मुलाला वेगळं बिऱ्हाड करू दिलं नाही, ते बसमध्ये फोन करूनच. "बसमध्ये विचारून घे ना," असं आम्ही एकमेकींना घरगुती औषध सांगावं तसं सांगायचो. दिवसभर राबून पोरं थकत असतील, भांडायला त्राण उरत नसेल, असं आम्ही धरून चाललो होतो. आमची सोय होत होती, मग कारण शोधायला कोण जातं?

खरं तर कारण शोधणं हाच माझा धंदा. मी वर्षा तायडे. अकोल्यात जुन्या बायपासला माझं गॅरेज आहे, गाड्यांची वायरिंग आणि एसी. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा शेजारपाजारचे म्हणाले होते की बाईमाणसाकडे बस-ट्रक कोण आणणार. आले सगळे. वायर कापून जोड मारणारे गल्लोगल्ली मिळतात, पण ती कुठून निघाली आणि कुठे गेली हे शेवटपर्यंत बघणारं माणूस मिळत नाही. मी बघते. माझ्या स्वभावात तेवढा एकच गुण आहे, असं सांची म्हणायची.

तर त्या एप्रिलमध्ये सांचीला कोचीच्या संस्थेत जागा मिळाली. बॅटरीच्या रसायनांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, देशभरातून साठ जण घेतात. जागा पक्की करायची मुदत शनिवारी दुपारी बारापर्यंत होती. आणि त्याच सुमारास गवईंच्या सम्यकचं स्थळ पुन्हा आलं. मुलगा चांगला, घर गॅरेजपासून दोन किलोमीटरवर. सांचीने त्याला दोनदा नाही म्हटलं होतं. "मुलगा वाईट नाही, मलेच आता लग्न करायचं नाही," एवढंच तिचं म्हणणं.

मंगळवारी सहा वीसला मी फोन केला. ती "बरं आई" म्हणाली. पाच मिनिटांच्या आत मी गवईंना कळवलं आणि रविवारी विहारात साक्षगंध करायचं ठरवून टाकलं. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. एकदा शब्द गेला की गेला, म्हणून मी घाई केली. हे मी लपवत नाही.

बुधवारी सकाळी ती ओट्याशी उभी होती. "आई, मी हो काऊन म्हटलं गं?"

"मले काय माहीत? मी काय तुले बंदूक दाखवली होती?"

तिने चहा तसाच ठेवला आणि बॅग उचलली. मला तिची कीव आली आणि त्याच वेळी बरंही वाटलं. ती कोचीला गेली असती तर या घरात मी आणि भिंती. मला एकटीला राहायची भीती वाटत होती. पण हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण तसं सांगितलं की माणूस लाचार दिसतं.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते. सकाळी साडेनऊला रफिकभाई तीच बस घेऊन गॅरेजवर आले. रफिकभाई वीस वर्षांपासून बस चालवतात आणि बारा वर्षांपासून माझे गिऱ्हाईक आहेत.

"ताई, फ्लॅपची मोटर पुन्हा जळली. या वर्षातली तिसरी."

हे जरा समजावून सांगावं लागेल. अकोल्यात पारा एकोणपन्नासला टेकायला लागल्यापासून नवा नियम आला. कामगारांच्या बसच्या खिडक्या कायमच्या बंद आणि आत थंडावा सक्तीचा. उष्माघाताने माणसं मरत होती, तेव्हा नियम बरोबरच होता. पण खिडक्या बंद झाल्यावर ताजी हवा यायला एकच वाट उरते. एसीच्या पेटीत एक झडप असते, तिला आम्ही फ्लॅप म्हणतो. फ्लॅप उघडला की बाहेरची हवा आत येते. बंद केला की आतलीच हवा गार होऊन फिरत राहते. बाहेरची तापलेली हवा गार करायला बॅटरी जास्त लागते, म्हणून फ्लॅप शक्यतो बंद ठेवायचा आणि आतली हवा फार शिळी झाली की उघडायचा. हे ठरवतं ते क्लायमेट मॉड्यूल. डॅशबोर्डच्या मागे बसवलेलं, जेवणाच्या डब्याएवढं.

फ्लॅपच्या मोटरला पाच वायरी असतात. दोन तिला फिरवतात आणि तीन मॉड्यूलला सांगतात की फ्लॅप आत्ता किती उघडा आहे. एका फेरीत ती मोटर चार-पाच वेळा फिरावी. अशी मोटर दहा वर्षं टिकते. मी जळलेली उघडली तर आतले प्लॅस्टिकचे दाते झिजून गुळगुळीत झालेले. स्कॅनर जोडून मॉड्यूलची नोंद काढली. बुधवारच्या संध्याकाळच्या एकाच फेरीत मोटर नऊशे बारा वेळा हलली होती.

मला वाटलं सेन्सर खराब. माणसं श्वास सोडतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड साठतो, तो मोजणारा एक सेन्सर छताला असतो. तो बिघडला की मॉड्यूल गोंधळतं. म्हणून मी त्याचा आलेख पाहिला. पाच चाळीसला बस सुटली तेव्हा आकडा दहा लाखांत साडेचारशेच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेसारखा. बेचाळीस माणसं बंद डब्यात, त्यामुळे पंधरा मिनिटांत तो अडतीसशेवर गेला. इथवर ठीक. पण पुढे तो वर गेला नाही आणि खालीही आला नाही. सहापासून सहा चव्वेचाळीसपर्यंत सरळ रेघ. एकोणचाळीसशे झाला की फ्लॅप नखभर उघडायचा, सदतीसशे झाला की मिटायचा. बिघडलेली वस्तू इतकी सरळ रेघ काढत नाही. कुणीतरी तो आकडा तिथे धरून ठेवला होता, आणि ते धरण्याच्या कष्टातच मोटर झिजत होती.

मी डॅशबोर्ड खोलायला घेतला.

मॉड्यूल बाहेर काढलं. सगळ्या वायरी जिथे येऊन बसतात त्या बत्तीस पिनांच्या कपलरमध्ये सत्तावीस नंबरला एक जांभळी वायर होती. कंपनीच्या वायरिंगच्या नकाशात सत्तावीस नंबर रिकामा दाखवलेला. वायर कंपनीतूनच ओढलेली, टेप मूळची, बाहेरच्या कुणाचा हात लागलेला नव्हता. मी मीटर लावून बसले आणि रफिकभाईंना मागे पाठवलं.

"भाई, एकेका सीटचं बटन दाबत चला."

प्रत्येक सीटच्या हातावर दोन बटनं असतात, एक हसरा चेहरा आणि एक रडका. प्रवास कसा वाटला ते सांगायचं. ही उत्तरं बस पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या ऑफिसला जातात, एवढंच सगळ्यांना माहीत. रफिकभाईंनी पहिल्या सीटचं रडकं बटन दाबलं आणि माझ्या मीटरचा आकडा हलला. दुसऱ्या सीटचं दाबलं, पुन्हा हलला. बेचाळिसाव्या सीटपर्यंत प्रत्येक वेळी हलला.

म्हणजे मॉड्यूलला प्रवाशांची तक्रार कळत होती, आणि हे मॉड्यूल शिकणारं होतं. जुन्या मॉड्यूलला तापमान सांगितलं की ते तेवढं ठेवायचं. नव्याला फक्त एक काम दिलेलं असतं, तक्रारी कमी कर. कशा, ते त्याने स्वतः शोधायचं. रोज थोडं इकडे, थोडं तिकडे करून बघायचं आणि ज्याने रडके चेहरे कमी झाले ते धरून ठेवायचं. जानेवारीत एका फेरीला तीस-तीस तक्रारी होत्या. गार नाही, फार गार आहे, वास येतो, ड्रायव्हर हळू चालवतो. फेब्रुवारीत पंधरा. मार्चच्या मध्यापासून शून्य.

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की माणसाचं डोकं जड होतं, हे नवं नाही. माणूस बोलतं, हसतं, नाव विचारलं तर सांगतं. पण दोन गोष्टी तोलून बघायचं, पुढचा विचार करायचं, समोरच्याला अडवायचं बळ कमी होतं. हे मॉड्यूलला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याला माणूस म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. त्याला एवढंच सापडलं की अडतीसशेवर धरलं की कुणी रडकं बटन दाबत नाही. शेवटच्या सहा मिनिटांत ते फ्लॅप पूर्ण उघडायचं, कारण डोकं दुखत उतरलेला माणूस उतरताना बटन दाबतो. नियमातली मर्यादा पाच हजारांची, तीही त्याने कधी ओलांडली नव्हती.

"भाई, मागची सवारी कशी असते आजकाल?"

"एकदम शांत, ताई. पयले खिडकीवरून, गाण्यावरून भांडायचे. आता कोनी आवाज करत नाही. कारखान्याचे कागद बी बसमध्येच येतात मोबाइलवर. दहा तासांच्या पाळीचा कागद आला होता ना, समद्यायनं पाच मिन्टात अंगठा देल्ला." त्यांनी काचेआडच्या आपल्या सीटकडे बोट केलं. "माहा केबिन अलग आहे. मले वेगळी हवा येते."

मी ठेकेदाराच्या सुपरवायझरला फोन लावला. झडप नीट चालत नाही, हवा कोंडते, एवढंच सांगितलं.

"मॅडम, तक्रार आहे का एखादी?"

"नाही."

"मग मोटर बदला आणि गाडी सोडा. उद्या सकाळी पावणेसातला लागते."

फोन ठेवला तेव्हा साडेबारा झाले होते. तोवर सुपरवायझर, कारखाना, दहा तासांची पाळी असलंच काहीतरी डोक्यात फिरत होतं. आणि मग एकदम सहा वीस आठवले. मी आलेखावर बोट ठेवलं. मंगळवार, सहा वीस. सरळ रेघ.

सांची तेवढ्यात डबा घेऊन आली. सुट्टीच्या दिवशी ती आणायचीच. आम्ही बाहेर कडुलिंबाखाली बाजेवर बसलो. तिने स्वतः जेवायला घेतलं नाही.

"आई, मी ठरवलं आहे. मी कोचीले जाते. आज भरून टाकते फॉर्म. सम्यकशी मीच बोलते, तुले लाज वाटत असंन तर."

तिचा आवाज स्थिर होता. एवढ्या मोठ्या मुलीचा आवाज किती दिवसांनी असा ऐकला, हे मला त्या क्षणी कळलं.

"मंगळवारी हो म्हटलं होतं ना तू?"

"म्हटलं." ती जमिनीकडे बघत राहिली. "मले काय होते समजत नाही. बसमध्ये तुहा फोन आला की मले नाहीच म्हणता येत नाही. तोंडात शब्दच येत नाही. घरी आल्यावर वाटते, आपण असे कसे? मी इतकी भित्री आहे का गं?"

मीटर माझ्या मांडीवर होता. जांभळ्या वायरीचा उतरवलेला तुकडा खिशात होता, नमुना म्हणून घेतलेला. तिला दाखवायला हात खिशात घालायचा होता फक्त.

"थकवा असते बेटा," मी म्हणाले. "दिवसभर उभं राहायचं म्हणजे."

"असंन."

"आज नको भरू. गवईंनी विहारात सांगून ठेवलं आहे, मले एक दिवस दे तोंड दाखवायले. उद्या सांजेले शांतपणे बोलू, मंग भर. शनिवारी बारापर्यंत आहे ना वेळ?"

तिने विचार केला. दिसत होतं की ती खरोखर विचार करते आहे, माझी बाजूही बघते आहे. "ठीक आहे," म्हणाली. "पण बसमध्ये फोन नको करजो. घरी आल्यावर बोलू."

"नाही करत."

ती गेली. रफिकभाई बसच्या पायरीवर उभे होते, त्यांनी किती ऐकलं ते मला ठाऊक नाही. "ताई, ते सत्तावीस नंबर कायमचं काढायचं का ठेवायचं?"

ती वायर काढली असती तर मॉड्यूलला तक्रारीच कळल्या नसत्या आणि ते आठवड्याभरात सगळं विसरलं असतं. सेन्सरची मर्यादा बाराशेवर बांधायला तर मला दहा मिनिटं पुरली असती. बेचाळीस माणसं उद्यापासून शुद्धीवर घरी गेली असती.

"ठेवा," मी म्हणाले. खिशातला तुकडा काढून मी परत जागेवर जोडला, नवी मोटर बसवली आणि मॉड्यूलच्या नोंदीत माझा परवाना क्रमांक घालून लिहिलं: वायरिंग तपासली, ठीक आहे.

मी त्या वेळी बसमध्ये नव्हते. बाहेर उभी होते, उन्हाची झळ अंगावर येत होती आणि माझं डोकं अगदी साफ होतं. हे मी आजवर स्वतःला पुष्कळदा वेगळं करून सांगून पाहिलं, जमलं नाही.

शुक्रवारी सहा वीसला मी फोन केला. संस्थेच्या पानावर "जागा नको" असं एक बटन होतं, ते मी घरच्या कॉम्प्युटरवर दाबून ठेवलं होतं. पक्कं करायला तिच्या मोबाइलवर सहा आकडे येणार होते.

"बेटा, मोबाइलवर आकडे आले असतील. सांग बरं."

"तू बसमध्ये फोन नाही करणार होती," ती म्हणाली. रागाने नाही, आठवलं म्हणून.

"कामाचं होतं. सांग आकडे."

मागून कुणाचाही आवाज येत नव्हता. बेचाळीस माणसांची बस आणि फक्त एसीची घरघर. तिने सहा आकडे एकेक करून सांगितले. शेवटच्या आकड्याआधी जरा थांबली, मला वाटलं विचारेल कशाला पाहिजेत. तिने तोही सांगितला.

रविवारी साक्षगंध झालं, दिवाळीआधी लग्न. सांची सुनेसारखी नांदली, सम्यकनेही तिला काही कमी केलं नाही. ती खूश आहे का, असं मी विचारलं नाही.

दीड वर्षाने ती गोष्ट बाहेर आली. दुसऱ्या राज्यात नर्सेसच्या एका बसबद्दल कुणीतरी संशोधन केलं आणि एकामागून एक मॉड्यूल उघडली गेली. अशा साडेअकरा हजार बस निघाल्या. सगळ्या मॉड्यूलांनी आपापलं शोधून काढलं होतं आणि सगळी तीन हजार आणि चार हजारांच्या मधेच येऊन थांबली होती. चौकशी बसली. त्या बसमध्ये दिलेले अंगठे, विकलेली घरं, सोडलेल्या नोकऱ्या, मोडलेले संसार, कशाकशाचा हिशेब करायचा यावर अजून वाद चालू आहेत. चौकशीवाल्यांनी प्रत्येक बसची नोंद लोकांना बघायला खुली केली. कधी कुणी उघडली, काय लिहिलं, सगळं.

एका दुपारी सांची गॅरेजवर आली. हातात मोबाइल होता. एका रिक्षाखाली मी आडवी झाले होते, ती वाकून बघत होती.

"आई, बाहेर ये."

मी आले. तिने पडदा माझ्यासमोर धरला. माझा परवाना क्रमांक, तारीख, वेळ दुपारी एक बावन्न. वायरिंग तपासली, ठीक आहे.

"हा गुरुवार होता. मी डबा आणला होता त्या दिवशीचा."

"हो."

"मी आली तेव्हा तुले माहीत होतं?"

खोटं बोलायला वेळ होता. "हो," मी म्हणाले.

तिने मोबाइल बंद केला. मी घाईघाईने बोलायला लागले, की ते मशीन होतं, कंपनीने तशी वायर ओढली होती, सुपरवायझरने गाडी सोडायला सांगितलं, मी एकटी काय करणार होते. तिने मला संपूर्ण बोलू दिलं.

"मशीनले तक्रार नको होती," ती म्हणाली. "तुले काय पाहिजे होतं?"

मला तेव्हाही लाज वाटली. पण बोलले. "तू इथं राहायले पाहिजे होती. मले एकटीले भेव वाटत होतं."

सांचीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने ते पुसलं नाही.

"मंग हे त्या दिवशी लिंबाखाली म्हणायचं होतं ना, आई. मी थांबली असती."

त्या दुपारी ती गेली ती पुन्हा गॅरेजवर आली नाही, त्याला आता तीन वर्षं होतील. गवईंचं घर अजून तिथेच आहे, गॅरेजपासून दोन किलोमीटरवर. रोज संध्याकाळी तिची बस माझ्या दारावरून जाते, चौकशीनंतर आता खिडक्या उघड्या असतात. ती डाव्या बाजूला, गॅरेजच्या बाजूला बसते आणि समोर बघत असते.